एक पेला, कुटून

डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात कुटाइसीच्या बाजारात
मला मान वर करायला सवड नसते.
टर्कीवाल्यांपुढे रांग, माझ्यापुढे त्याहून लांब.
सात्सिवीशिवाय इथे वर्ष बदलत नाही.
त्या गर्दीत त्सिसाना आली
आणि लोकरी मोज्यात गुंडाळलेला
जाड काचेचा, पैलूदार पेला पिशवीतून काढून
तिनं माझ्या काट्यावर ठेवला.
"घ्यायचं काही नाही," म्हणाली. "फक्त सांग,
यात किती ग्रॅम अक्रोड मावतात."

खातुनानं विचारलंय. बारीहून.
सहा वर्षं झाली, तिथे ती एका म्हातारीचं करते.
म्हातारीच्या ओट्यावर काटा आहे,
चपटा, काचेचा, पाटीसारखा.
असला पेला मात्र नाही.
आईनं फोनवर सांगितलं, तीन पेले.
लेक म्हणाली, कुठले पेले, आई?
इथे दोन पेलेसुद्धा एकासारखे एक नाहीत.

मी बटण दाबलं.
पेला होता तिथेच उभा, आकडा शून्य.
त्सिसाना दचकली, "माझा पेला गेला कुठे?"
म्हटलं, आहे, पण काटा आता त्याला धरत नाही.
तिला ते पटलं नाही. तिनं पेल्याला बोट लावून पाहिलं.

अख्खी अर्धुकं ओतली, काठोकाठ. अठ्ठ्याण्णव.
तिनं पेला उचलून फळीवर एकदा आपटला,
गर खाली बसला, वर बोटभर जागा झाली.
ती भरली. एकशे बारा.
तुकडे घेतले. एकशे एकवीस.
मग मी कूट घेऊन अंगठ्यानं दाबत गेलो,
दाबत गेलो,
एकशे सत्तेचाळीस, आणि पेला तोच.
माझा बाप याच फळीवर पेल्यानं विकायचा.
मापात पाप नेमकं कुठे असतं
ते मला लहानपणीच कळलं होतं: फटींत.
वाकड्या मालाबरोबर थोडी हवा विकली जाते,
आणि ती कोणी परत आणून देत नाही.

"आधी मोजायचे की आधी कुटायचे?" मी विचारलं.
"असं कोण विचारतं?"
"काटा विचारतो."
ती जरा थांबली.
"पेला भरते. आपटते. वर एक मूठ टाकते.
गुरामला रस घट्ट लागायचा, म्हणून आणखी एक.
गुराम गेला. ती मूठ तशीच पडते."

मागचा माणूस म्हणाला, एकशे वीस सांग आणि सोड बाई आम्हाला.
म्हणून मी एकशे वीस सांगितले.
तिनं बसच्या तिकिटावर लिहिलं, तीननं गुणलं,
आणि त्या तीनशे साठकडे
शेजारच्या पोराचं प्रगतिपुस्तक बघावं तसं बघत राहिली.

"तिकडे चिलीचे अक्रोड मिळत असतील, कोरडे," मी म्हटलं.
"तेल सुटणार नाही. म्हणावं, थोडे जास्त घे."
"थोडे म्हणजे किती ग्रॅम?"
तिनं हे थट्टेनं विचारलं नव्हतं.
पेन्सिल तिकिटावर टेकवून ती उभी होती.
मी माझी मूठ भरली, काट्यावर धरली,
मग तिला म्हटलं, तुझी भर.
माझे चव्वेचाळीस. तिचे एकोणतीस.
खातुनाचा हात केवढा आहे,
हे आम्हा दोघांनाही सांगता येईना.

कूट तिनं माझ्या ढिगात परत ओतलं,
बुडाला चिकटलेलं बोटानं काढून तेही दिलं.
पेला मोज्यात घातला, मोजा पिशवीत.
फाटकाशी वळून काहीतरी म्हणाली,
टर्कींच्या कलकलाटात ऐकू आलं नाही.

काट्यावर आता काहीच नव्हतं
आणि तो दाखवत होता: उणे दोनशे सव्वीस.
मी तो आकडा तसाच राहू दिला,
मागच्या माणसानं अर्धा किलो मागेपर्यंत.